अकरा वाजताचे कप

कंपनीच्या चॅटवर माझ्या नावापुढे आता ‘बाहेरील’ असं लागतं. हे लेबल तीन वर्षांपूर्वी मीच आणलं होतं, हैदराबादच्या ऑफिसात असताना. आमची रक्ततपासणीची लॅब. गावोगाव नमुने गोळा करणारी माणसं एजन्सीची, तरी ग्रुप एकच. कोणी चुकून कोणाचा रिपोर्ट टाकला तर? या धास्तीनं मी नियम लिहिले. बाहेरच्यांना लेबल. बाहेरच्यानं आतल्याला खाजगीत लिहायचं नाही. रिपोर्ट दिसला, तर ज्याला आधी दिसेल त्यानं गाजावाजा न करता सुरक्षा डेस्कला कळवायचं. आणि शेवटचा, पेरू खात एका दुपारी लिहिलेला: असं घडलं की सगळ्याच बाहेरच्यांना ग्रुपमधून काढून टाकायचं, कायमचं.

मग मला मुलगी झाली, प्रगती. नवरा, अमरदीप, इथं भीमपूरच्या शाळेत मास्तर, म्हणून मीही इथंच आले. एजन्सीमार्फत घरून काम मिळालं, नमुन्यांच्या नोंदी तपासायचं. पहिल्या दिवशी ग्रुप उघडला तर रंजीतानं लिहिलं होतं, ‘आली काय वं बाहेरची!’ पुढे हसरी तोंडं. मीही एक हसरं तोंड पाठवलं.

रंजीता भैंसा गावची. ऑफिसात आमच्या खुर्च्या लागून होत्या. ती रोज अकराला आपल्या चहाच्या कपाचा फोटो ग्रुपवर टाकते आणि मग सगळे टाकतात. मीही टाकते. त्यासाठी निळ्या फुलांचा एक कप वेगळा ठेवलाय. फोटोआधी मागची लंगोटं सरकवते, एखादा कागद, पत्ता दिसत नाही ना ते बघते, तीनदा बघून पाठवते. अमरदीप नऊला जातो, पाचला येतो. मधे मोठ्या माणसांचं बोलणं म्हणजे हे कप. आणि शेजारच्या जयवंताबाई.

त्या मंगळवारी प्रगती त्यांच्याच मांडीवर होती.

“तुह्या मोबाईलात माहेरचे लोक बसून हायेत काय वं? पोरगी इकडं आ-आ करून राह्यली, तू तिकडं पाहून राह्यली!”

“एकच मिनिट, मावशी.”

“मिनिट म्हणते अन् दूध उतू जाते तुहं. बरं, आयक. रविवारी आमच्या पोरीले, सुकेशनीले पाह्याले येऊन राह्यले. तलमडुगुचे हायेत. पोरगा बँकेत.”

तेवढ्यात रंजीताचा कप आला. मी सवयीनं फोटो मोठा करून पाहिला. कपाच्या मागे तिचा स्क्रीन, आणि त्यावर उघडी यादी. नाव, वडिलांचं नाव, गाव, वय, निष्कर्ष. चौथ्या ओळीत: सुकेशनी, भीमपूर, एकोणीस. सिकलसेल वाहक. वडिलांचं नावही तेच, शेजारच्या दारावरचं.

मी फोन पालथा टाकला.

“काय झालं वं?”

“काही नाही. झुरळ.”

ग्रुपवर बाहेरची बावीस माणसं. तलमडुगुला नमुने घेणारा खुशाल त्यांच्यातलाच. त्यानं लिहिलंही, ‘मॅडमचा कप लई मोठा हाय.’ म्हणजे त्यानं फोटो पाहिला होता. अजून कपच पाहिला होता.

रंजीताला खाजगीत लिहिता येत नव्हतं. मीच बंद केलेलं. फोन लावला, बिझी. पुन्हा लावला, बिझी. ग्रुपवर ‘फोटो काढ’ लिहिलं असतं, तर बावीसच्या बावीस जणांनी तो मोठा करून पाहिला असता. उरला डेस्क. डेस्कला कळवायचं म्हणजे रंजीताचं नाव लिहायचं, आणि तिला मार्चमध्ये एक नोटीस आधीच मिळालेली. शिवाय तो पेरूच्या दुपारचा नियम.

कोणीतरी दुसरं कळवेल, असं वाटून मी पूर्ण एक मिनिट थांबले. दुसरं कोण एवढं बारीक बघतं? समोर जयवंताबाई प्रगतीच्या तळव्यांना गुदगुल्या करत होत्या.

मी कळवलं. अकरा वाजून सहा मिनिटांनी. अकरा नऊला फोटो ग्रुपवरून काढला गेला. अकरा दहाला मला ओळ आली, ‘तुम्ही आता या ग्रुपमध्ये नाही.’

दुपारी रंजीताचा फोन आला.

“तूच ना?”

“हो. आधी तुला फोन केला गं. दोनदा.”

“आईशी बोलून राह्यली होती मी.” तिनं आवाज खाली आणला. “उद्या वर बोलावलं मले.”

“रंजीता…”

“तू बाजूले बसत होती तवा माहा स्क्रीन तूच बंद करत होती. मले आठोनच राह्यत नाही.”

“आता तिथं कोण बसतं?”

“प्रिंटर ठेवला.”

मला हसू आलं. तिला आलं की नाही, कळलं नाही. तिनं फोन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला हात आपोआप निळ्या कपाकडे गेला. चहा ओतला. फोन उचलला, ठेवला. तिकडे टाकत असतील आपापले कप, आतले आतल्यांत.

जयवंताबाई आल्या. “आज मोबाईल नाही?”

“नाही.”

“बरं झालं. सांग मले, पाहुण्याईले पोहे करू का उपमा?”

मला सांगायचं होतं, मावशी, वाहक म्हणजे आजारी नव्हे, पण दोघंही वाहक असले तर लेकरांना आजार होऊ शकतो, म्हणून त्या मुलाचंही रक्त तपासून घ्या. पण रिपोर्ट लॅबकडून त्यांच्या घरी जायचा होता, बंद पाकिटात, सुकेशनीच्या हातात. माझ्या तोंडून नाही. शब्द ओठांशी आले आणि मी गिळले.

“पोहे,” मी म्हणाले. “आणि मावशी, पाकीट-बिकीट काही आलं ना, तर सुकेशनीलाच उघडू द्या.”

“कायचं पाकीट?”

“असंच. तिच्या नावचं असलं तर.”

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मी घाईनं निळा कप त्यांच्या पुढे केला. त्यांनी तो फिरवून फुलं पाहिली, चहा बशीत ओतला आणि फुर्र करून प्यायल्या.

“एवढा चांगला कप घरात हाय,” त्या म्हणाल्या, “अन् मले आजवर त्या कान तुटलेल्यात काऊन देत होती वं?”