बोस्नियातलं धरण

सहलीच्या बोटीवर, जेवताना, बांगड्याचा काटा येर्कोनं शेपटीकडून धरला आणि एका ओढीत डोक्यापर्यंत अखंड वर काढला... मांसाचा एक कणही चिकटला नव्हता. हीच बोटं, तोंका मनाशी म्हणाली. असंच नेमकं, काही वाया न घालवता, येर्कोनं एकोणपन्नास साली बाबांबद्दल एक वाक्य काढलं असणार – फ्राने रात्री मॉस्को रेडिओ ऐकतो. रशियाशी आपलं नुकतंच फाटलेलं. माणूस तुरुंगात जायला तेवढं पुरे होतं. आणि पाच शब्दांवर मिळालं काय? दोन खोल्या, बंदराकडची खिडकी, घरात नळ. आमच्याच खोल्या, आमचाच नळ. मी सात वर्षांची, आईबरोबर मावशीच्या तळघरात, पाणी बादलीनं. सौदा वाईट नव्हता.

"खा गं," येर्को म्हणाला. "तिकिटात धरलेलं आहे. टाकलंस तर फायदा बोटवाल्याचा."

"भूक नाही, काका."

काका... जीभ अडखळली नाही. तीन महिने ती त्याच्याकडे अंजिरं घेऊन जात होती – एकटेच असता, चला की एकदा सहलीला. कुठे? गोली बेटावर, तुरुंग बंद होऊन दोन वर्षं झाली, आता मेंढ्या आहेत तिथे. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "जेवण आहे का?"

बाबा बेटावरच्या कैदेबद्दल एकदाच बोलले, तिच्या लग्नात, चौथ्या पेल्यानंतर. खडकात पाइनची रोपं लावलेली. प्रत्येक रोपाला एक माणूस. दिवसभर उन्हाकडे पाठ करून उभं राहायचं, आपली सावली रोपावर पाडायची. सूर्य सरकेल तसं आपण सरकायचं. पाणी रोपाला... माणसानं बघायचं. "इतका राग यायचा मला त्या रोपाचा, पोरी," ते म्हणाले आणि एकदम गप्प झाले, कारण सुटताना सही घेतलेली – तिथलं अवाक्षर काढणार नाही. ती सही ते मरेपर्यंत पाळत राहिले. घरात वीतभर रोपसुद्धा कधी लावू दिलं नाही...

तर बेत साधा होता. भर दुपारी, बिनटोपीचा, येर्को त्या झाडांपाशी उभा करायचा आणि सहलीच्या चाळीस माणसांसमोर ते वाक्य पुन्हा बोलायला लावायचं. पुढचं तिनं ठरवलं नव्हतं. पुढचं लागत नव्हतंच.

बोट लागली. पांढरा दगड डोळ्यात घुसत होता. माणसं धक्क्यावर फोटो काढत होती.

"टोपी द्या, काका. मी धरते."

त्यानं मुकाट्यानं दिली. इथवर सगळं तिच्या मनासारखं – आणि मग तिच्या लक्षात आलं की ती मागे आहे आणि तो पुढे. वाटाड्या अजून धक्क्यावरच होता, कुणी रस्ता सांगितला नव्हता, तरी पडक्या कारखान्यापाशी म्हातारा न थांबता डावीकडे वळला, पायऱ्या चढला, झाडांच्या रांगेत ओठ हलवत मोजत गेला, आणि एका पाइनपाशी, सावलीत नव्हे, उन्हाच्या बाजूला पाठ करून पाय फाकवून उभा राहिला.

"हे माझं," तो म्हणाला. "मेलं फारच माजलंय."

"तुमचं कसं? तुम्ही तर बोस्नियात होतात. धरणावर."

"आणि तुझा बाप कुठे होता?"

बोस्नियात. रस्त्याच्या कामावर. शाळेत दोन वर्षं मी हेच सांगितलं... किनाऱ्यावरचं निम्मं गाव बोस्निया बांधत होतं, आणि आम्ही प्रत्येकजण फक्त आपल्या घरातल्या थापेला थाप समजत होतो.

"तुमचं नाव कुणी घेतलं?"

"कोण घेणार? आधी आला त्यानं. नावं दिली की दगड वाहणं कमी व्हायचं. फ्रानेनं माझं दिलं." त्यानं मानेवरचा घाम पुसला. "तक्रार कसली करू? त्याचं मी दिलेलं."

म्हणजे बोलला. जे चाळीस साक्षीदारांसमोर उपटून काढायचं होतं ते तिच्या हातात असं आयतं पडलं, आणि त्याला काही वजनच नव्हतं.

"उतरलो की जुन्या कैद्यांच्या दोन रांगा," येर्को म्हणाला. "मधून पळायचं, त्यांनी मारायचं. हळू मारेल त्यालाही मग पळवायचे. तुझा बाप डावीकडे सातवा होता." त्यानं खालचा ओठ ओढून दातांमधली रिकामी जागा दाखवली. "हे दोन त्याचे."

"हळूच मारलं असेल त्यांनी."

"हळू?" म्हातारा मनापासून हसला. "अगं, मेलेल्या बापाचा असा अपमान करू नये."

तिच्या छातीत काहीतरी गरम उसळलं – आनंदच होता तो, लपवायचा कुणापासून. वाकलेल्या पाठीचे माझे बाबा, सातव्या जागेवरून, सगळा खांदा लावून... अजून एक मारायला हवी होती. मग तो आनंद विरत गेला. त्यांनी वसूल केलं होतं, तर मी कशाला आले? मासळीबाजारात हे दोघे तीस वर्षं एकमेकांना मान हलवायचे. बाबांचं मान हलवणं मी भेकडपणात धरलं, याचं निर्लज्जपणात. मिटलं होतं त्यांचं. मला मात्र कुणी सांगितलं नाही. सही केली होती म्हणे... पोटच्या पोरीपुढेसुद्धा सही?

राग गेला नव्हता. तो नुसता वळला, आणि बाबांपाशी जाऊन उभा राहिला.

येर्कोची चार वर्षं गेली, दोन दात, आणि पेपरात जाहीर करून त्याला सोडून गेलेली बायको. खिडकीही शेवटी तिसऱ्याच कुणाला मिळाली. बाबांची दोन वर्षं, आणि उरलेलं सगळं बोलणं. माझी एक्केचाळीस, या रागात. शिवाय दिन्को, येर्कोचा पुतण्या – एकोणिसाव्या वर्षी त्याला मी नाही म्हटलं, निव्वळ आडनावासाठी, आणि तो बंदरावर पावसात उभा असताना मला वाटलं होतं, चला, थोडं तरी फिटलं... सगळ्यांत जास्त मीच भरलं होतं. आणि माझ्याकडे तर कुणी मागितलंही नव्हतं.