तिसरा काप

"आणखी एक काप बसला की घरी बसायचं," असं मोठ्या सिस्टरनी सोमवारीच बजावलं होतं, आणि बुधवारी सकाळी मामांच्या हातून तो बसलाच. नशीब म्हणतात ते असं.

मामा म्हणजे वॉर्डचे न्हावी. ऑपरेशनआधी पेशंटच्या अंगावरचे केस काढायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. हल्ली हात थरथरायचा. चहा बशीत सांडला की बायको नुसती बघायची, बोलायची नाही. ती चार शब्द बोलली असती तर परवडलं असतं.

समोर हर्नियाचे आजोबा होते, तासाभरात ऑपरेशन. बेंबीखाली वस्तरा जरासा सरकला. काप केवढा, तर तिळाएवढा! मामांनी कापूस दाबला, तुरटी फिरवली. एरवी मिनिटात थांबणारं रक्त आज थांबेचना. दहा मिनिटं झाली. कापूस बदलला, तोही लाल.

"कुणाला काही बोलू नका हो," आजोबा कुजबुजले. "दोन महिने वाट बघितलीय या नंबरची. पट्टी लावा आणि मोकळे व्हा."

सोन्याहून पिवळं! पेशंटच म्हणतोय झाका, मग मामांच्या बापाचं काय जातंय? त्यांनी पट्टी लावली, सामान आवरलं, दारापर्यंत गेले. पाय निघेना. परत आले तर पट्टी भिजलेली. आणि आजोबांच्या दंडावर हा एवढा जांभळा डाग. तो काही वस्तऱ्याचा नव्हता.

"आजोबा, गोळ्या कसल्या घेता?"

"रक्त पातळ व्हायच्या. हृदयासाठी. इथं आल्यापासून सिस्टर द्यायला विसरतात. पण मी विसरतोय होय?" त्यांनी उशीखालून डबी काढली. "राहिलेल्या भरून काढतोय. रोज दोन-दोन."

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. विसरल्या कसल्या, ऑपरेशनसाठी मुद्दाम बंद केल्या होत्या त्या! रक्ताचा रिपोर्ट चार दिवसांपूर्वीचा, आणि आता पोट उघडणार. बोलावं तर नोकरी जाते, गप्प बसावं तर म्हातारा जातो. विचार कसला करतोस गाढवा, असं स्वतःलाच म्हणत ते डबी घेऊन धावले.

"सिस्टर, मी कापलं. आणि रक्त थांबत नाहीये."

मग एकच धावपळ. नवा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ऑपरेशन रद्द झालं, रक्त पुन्हा गोठायला लागावं म्हणून सलाईनमधून व्हिटॅमिन के सुरू झालं. मामा दिवसभर येरझाऱ्या घालत होते. संध्याकाळी पट्टी कोरडी निघाली, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

मोठ्या सिस्टर हसत आल्या. "मामा, वाचवलंत हो त्यांना! आणि हा काप आम्ही धरत नाही. रक्तच पातळ, त्याला तुम्ही काय करणार?"

नुसती मान हलवली असती तरी सुटले असते.

"थांबलं नाही ते गोळ्यांमुळं," मामा म्हणाले. "कापलं मीच." त्यांनी वस्तरा टेबलावर ठेवला. "उद्यापासून दुसरं कुणी बघा."

घरी चहा पुन्हा बशीत सांडला. बायको बघत राहिली.

"थरथरतो गं हात," मामा म्हणाले आणि तिच्यासमोर ढसाढसा रडले.