मुठीचा डबा

टण्. रविवारची सकाळ, घर अजून निजलेलं, आणि माझं झाकण फरशीवर पडलं. दामिनीने दचकून लेकीकडे पाहिलं. एस्तेर नुसती कुशीवर वळली.

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. देवणीच्या बाजारात एका कारागिराने तेलाचा डबा कापून मला घडवलं, आणि दामिनीच्या सासूने, गुरम्माने, माझ्या पोटावर पांढऱ्या रंगाने क्रूस काढला. स्वयंपाकाआधी एक मूठ तांदूळ देवासाठी माझ्यात टाकायचे आणि रविवारी चर्चमध्ये वेदीपुढच्या चादरीवर मला रितं करायचं, अशी आमच्या मंडळीची रीत. ते तांदूळ पुढे गोरगरिबांना जातात.

गुरम्माची मूठ चांगली मोठी. पण दारात कुणी उपाशी आलं की ती माझ्यातच हात घालायची. कितीतरी रविवारी मी अर्धाच चर्चला गेलो. पाळकसाहेबांनी एकदा हसत विचारलं, तर म्हणाली, "बाकीचे देवानं वाटेतच घेतले."

दामिनी सून म्हणून आली तेव्हा गुरम्माने अंथरूण धरलं होतं. जाताना ती सुनेला एवढंच बोलली, "मूठ चुकवू नको, बाई." वाटेत घेणाऱ्या देवाचं सांगायचं राहून गेलं. ते मला ठाऊक होतं, पण तुमच्याशी बोलतोय तसं मला तिच्याशी कुठे बोलता येतं?

दामिनीने मूठ चुकवली नाही. कॅलेंडरवर रोज दोन खुणा, दोन वेळच्या दोन मुठींच्या. एस्तेर तापाने फणफणली त्या दिवशी एक खूण राहिली, तर दुसऱ्या दिवशी तिने लेकीच्या पेजेतले मूठभर तांदूळ काढून माझ्यात टाकले. त्या मुठीचं मला फार ओझं झालं. ती वाईट नव्हती, मित्रांनो. तिला भीती वाटायची. एक मूठ कमी पडली आणि लेकीला पुन्हा ताप आला तर?

काल दुपारी शेजारच्या शिवम्मा मावशी वाटी घेऊन आल्या. त्यांचा अंगठा झिजलाय, रेशनच्या मशीनवर ठसा उठत नाही.

"मशीन म्हणतंय मी शिवम्मा न्हाई," त्या म्हणाल्या. "पोट म्हणतंय, हाय. वाटीभर तांदूळ दे गं."

घरात एका वेळेपुरतेच तांदूळ होते. मी मात्र गळ्यापर्यंत भरलेला. दामिनीची नजर माझ्यावर आली आणि पळाली.

"न्हाईत ओ मावशी. संपलेत."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, क्रुसाकडे पाहिलं. "असू दे," म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळभर दामिनी भिंतीला कान लावून होती. पलीकडे भांडं वाजलं नाही. दोनदा तिने माझं झाकण उघडलं, दोनदा हात मागे घेतला. कॅलेंडरवर खूण केली, पण स्वतःचं ताट तसंच झाकून ठेवलं.

आणि आज सकाळी तिच्या हातून झाकण पडलं. ते तिने उचललं नाही. मला कडेवर घेतलं आणि अनवाणीच शेजारी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी पडून होत्या. दामिनीने मला त्यांच्या पातेल्यात पालथं केलं, तळाशी चिकटलेले दाणेसुद्धा थापटून काढले.

"मावशी, काल मी खोटं बोलले."

"ठाऊक हाय की. डबा दिसतच होता," मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "आता गॅस तेवढा पेटव. मला उठवंना."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा डबा असेल तर त्याला गंजू देऊ नका. मूठही चुकवू नका. फक्त झाकण फार घट्ट बसवू नका.

आता आम्ही चर्चच्या वाटेवर आहोत. दामिनीच्या काखेत मी रिताच आहे. चादरीवर सगळ्यांदेखत मला पालथं करताना काय होईल, याची तिला अजून धास्ती आहे. मावशींचं सगळं दामिनीने निघताना लेकीला सांगितलं होतं. एस्तेरने चालता चालता माझ्यात हात घातला, तळ चाचपला आणि वर पाहिलं.

"मम्मी, काल मावशी उपाशी निजल्या, तवा देवबाप जेवला होता का?"