डाव्या अंगठ्याची खळी

“काका, काकू गेल्यापासून तुम्ही एकटेच. तुमचा उजवा हातही चालत नाही. मग दुकानातली दुरुस्ती करतं कोण?”

हर्षदानं एका दमात विचारून टाकलं आणि मग तिला श्वास घ्यायचं आठवलं. रस्त्यापलीकडे झेरॉक्सच्या दुकानाच्या सावलीत तिच्या मैत्रिणी पुष्पलता आणि प्रांजल एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. जव्हारच्या बाजारात दामोदरकाकांच्या दुकानाविषयी वर्षभर कुजबुज चालली होती, पण तोंडावर विचारायची छाती कोणाची झाली नव्हती. पंखा द्या, मिक्सर द्या, चार दिवसांनी चालू होऊन परत मिळायचा. आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका, सुशीलाकाकू होत्या तेव्हा असायचा तसाच. काकांना कामाला बसलेलं मात्र कोणी पाहिलं नव्हतं. दुपारी शटर अर्धं खाली यायचं, एवढंच.

नववीपर्यंत हर्षदा वर्गात स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायची. पण सव्वीस जानेवारीला ऐन झेंडावंदनात शाळेचा स्पीकर मुका झाला आणि दहावीतल्या या पोरीनं शिपायाकडचा टेस्टर घेऊन सगळ्या मैदानासमोर तो बोलता केला. तेव्हापासून अंगात जी हिंमत शिरली होती, ती बाहेर पडायचं नाव घेत नव्हती.

दामोदरकाका रागावले नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा.

“तू ती स्पीकरवाली ना? कशानं उघडलास?”

“टेस्टरनं.”

“टेस्टर करंट बघायला असतो. त्यानं स्क्रू फिरवलेस तर दोघांचीही वाट लागेल.” त्यांनी डाव्या हातानं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पुढं सरकवला. स्क्रूड्रायव्हरला ते त्यांच्या पिढीसारखं डिसमिसच म्हणायचे. “आधी तुझ्या हाताचा डिसमिस निवड. मग सांगतो कोण करतं ते.”

डब्यात दहा-अकरा स्क्रूड्रायव्हर होते. समोर काकांनी एक लाकडी फळी ठेवली, तिच्यात लहान-मोठे, चपट्या खाचेचे आणि फुलीचे स्क्रू घट्ट बसवलेले. हर्षदानं अर्थातच आधी पिवळ्या पारदर्शक मुठीचा उचलला. एकदम झकास दिसत होता. जोर लावला तर टोक खाचेतून सटकलं आणि स्क्रूचं डोकं खरवडून गेलं.

“रंगावर भाळलीस,” काका म्हणाले. “टोक खाचेत पुरतं बसलं पाहिजे. हलवून बघ, डुगडुगला तर तो आपला नाही. आणि घामेजल्या हातात मूठ फिरली, तरी आपला नाही.”

दुसरा जड निघाला. तिसरा इतका आखूड की मनगट अवघडलं. चौथा ठीक होता, पण ठीकच. पाचव्यासाठी तिनं न बघताच डब्यात डावा हात घातला. हर्षदा डावरी. जेवताना उजवा आणि बाकी सगळ्याला डावा, असा घरी तह झालेला होता.

हाताला लागली ती लाकडी मूठ होती, तेल पिऊन काळी झालेली. तिच्या एका अंगाला खळी पडली होती, वर्षानुवर्षं अंगठा टेकून झिजलेली. त्या खळीत हर्षदाचा अंगठा असा जाऊन बसला, जणू तिथूनच उगवला होता. आणि मूठ कोमट होती. डबा गार, बाकीचे सगळे गार, ही एकटी कोमट. कोणीतरी आत्ताच खाली ठेवल्यासारखी.

“तुम्ही आता वापरत होता का हा?”

“आठ दिवस हात लावला नाही मी त्याला,” काका म्हणाले.

तेवढ्यात शटरखालून वाकून एक म्हातारी आत आली. सूर्यमाळ गावची माघी. तिनं काखेतला सौरकंदील काकांसमोर ठेवला, पायरीवर बसली आणि पदरानं वारा घेत दुकानाच्या मागच्या पडद्याकडं तोंड करून म्हणाली, “सुशीलाबाय, आलीय गं मी.”

पडदा म्हणजे जुनं जांभळं लुगडं होतं. ते हललं नाही. बाहेर उन्हाचा कडका, पलीकडच्या दोघी सोडल्या तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि हर्षदाच्या हातांवर काटा उभा राहिला.

“आजी, त्या… नाहीत आता.”

“मना ठावं हाय गो. गेली म्हनून काय बोलायचं नाय?” माघीनं तिच्या हाताकडं पाहिलं. पाहतच राहिली. “तिचाच घेतलास.”

काकांनी कंदील हर्षदाकडं ढकलला. “उघड.”

चार स्क्रू, चार लाल ठिपके. ठिपके कोरडे होऊन तडकले होते. खाचेत टोक बसवलं की ते डुगडुगत नव्हतं. आत स्विचची एक तार सुटून लोंबत होती. काकांनी डाग द्यायची तापलेली इस्तरी, सोल्डरिंग आयर्न, पुढं केली, कथिल कुठं धरायचं ते सांगितलं. तार बसली. झाकण लावलं. पहिला स्क्रू छिद्रात ठेवून हर्षदानं तो पिळायच्या आधी उलटा फिरवला. हळूहळू, उलटा, उलटा. टक् असा बारीक आवाज झाला. मग सुलटा पिळला.

“हे कुठं शिकलीस?” काकांनी विचारलं.

“काय?”

“आधी उलटा फिरवायचा. भोकातला जुना आटा, आधीची वळणं, सापडली की टक् होतं. नाही तर प्लास्टिक फाटतं. कोणी शिकवलं?”

हर्षदा आठवू लागली. स्पीकरला तिनं असं केलं नव्हतं. घरी मिक्सरलाही नाही. हात गेला होता, एवढंच.

“कोणी नाही.”

“तिनं,” माघी म्हणाली, जसं काही यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

पडद्यामागं बांगड्या किणकिणल्या. एकदाच. हर्षदानं काकांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. ही नवी हिंमतवाली पोरगी उठली आणि तिनं लुगडं बाजूला सारलं. मागं खिडकी नसलेली बोळकांडी. एक पाट, मध्ये खोलगट झालेला. वायरला लोंबणारा बल्ब. फळीवर लाल नेलपॉलिशची बाटली. खिळ्याला दोन हिरव्या बांगड्या अडकवलेल्या होत्या आणि त्या हलत होत्या. वारा नव्हता.

“अडतीस वर्षं ती तिथं बसली,” काका मागून बोलत होते. “मी इथं. पंखा मी घ्यायचो, पडद्याखालून आत सरकवायचो, झाला की मी द्यायचो. मला साधी वायर जोडता येत नव्हती, तिचं ऐकून नुसतं सांगता यायचं. गावाला बाईनं हात लावलेली मशीन नको होती. शॉक बसेल म्हणायचे. मग मी कारागीर झालो आणि ती काकू झाली. स्क्रू सैल होऊ नये म्हणून ती ठिपका द्यायची. लोक म्हणायचे, दामूची खूण.”

“आमाला ठावं होतं,” माघी म्हणाली. “पायरीव बसलं की मांगचं दिसं.”

“ती गेली. पावसाळ्यात माझा हात गेला. म्हटलं आता शटर पाडावं. सहज तिचा डिसमिस डाव्या हातात धरला. तीही तुझ्यासारखी डावरीच. अंगठा त्या खळीत ठेवला की हात जातो, पोरी. कुठं जायचं ते मला कळत नाही, तो जातो. तू विचारलंस ना, कोण करतं? मलाही तेच विचारायचं होतं.” त्यांनी डावा हात उचलून दाखवला. बोटं थरथरत होती. “आता हाही धरत नाही. गेले आठ दिवस सगळं पडून आहे.”

हर्षदानं पाटावरून नजर काढली. फळीवरची बाटली घेऊन ती बाहेर आली आणि कंदिलाच्या चारही स्क्रूंवर ठिपके दिले. माघीनं बटण दाबलं. भर दुपारी कंदिलाचा उजेड दिसेना, म्हणून तिनं तो पदराखाली धरला. पदर आतून उजळला.

“जाते गं सुशीलाबाय,” ती म्हणाली आणि शटरखालून वाकून निघून गेली. काकांनी काळ्या मुठीचा डिसमिस उचलून हर्षदाच्या पिशवीत टाकला.

हर्षदा रस्ता ओलांडून आली तेव्हा प्रांजलनं तिचा दंड पकडला. “किती वेळ लावलास. बोल ना, कोण करतं?”

“सुशीलाकाकू.”

दोघी खिदळल्या. मग पुष्पलताला हर्षदाच्या बोटावरचा ओला लाल डाग दिसला आणि ती हसायची थांबली.

घरी पप्पा पंचायत समितीतून येऊन चहा पीत होते. टेबलावर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नाशिकच्या कॉलेजचा फॉर्म होता. अकरावी सायन्स, मग नर्सिंग, मावशीकडं राहायचं. सगळं ठरलेलं, फक्त तिची सही राहिली होती. हर्षदा फॉर्मकडं न जाता स्टूल घेऊन पंख्याखाली चढली. वाटीसारख्या टोपणावरची धूळ तिनं बोटानं पुसली. खाली तीन लाल ठिपके होते.

“अगं, पडशील,” आई म्हणाली. “तो दामूकडचा आहे. तुझ्या जन्माआधी दुरुस्त केलेला.”

“दामूकाकांनी नाही केलेला. काकूंनी केलाय. सगळ्या गावाचं त्यांनीच केलंय.”

पप्पा हसले. “काहीतरीच.”

आई हसली नाही. कपबशी हातात धरून ती पंख्याकडं बघत राहिली. “मी तो आणायला गेले होते,” ती म्हणाली. “पडद्यामागं बांगड्या वाजल्या. मला वाटलं, स्वयंपाक चाललाय.”

हर्षदा स्टुलावरून उतरली. पिशवीतून काळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढून तिनं फॉर्मच्या फोल्डरवर ठेवला. पप्पांनी तो उजव्या हातात घेऊन पाहिला, नीट बसेना म्हणून परत ठेवला.

“हे काय आता?”

“पप्पा, नाशिकला मी जाणार नाही. इथंच आयटीआयला नाव घालणार आहे. आणि उद्यापासून दुपारी दामूकाकांच्या दुकानात कामाला बसणार.”

“मागं बसशील ना पण?” आईनं विचारलं. “रस्त्यावरून सगळी येतात-जातात.”

“नाही आई. पुढं बसणार आहे. शटर पूर्ण वर करून.”