आतला हात

फिजिओवाल्या मॅडमनी दिलेला रबरी चेंडू गोरखने तिसऱ्याच दिवशी गोठ्याच्या पत्र्यावर भिरकावला. "मी काय तान्हं बाळ हाय?" मग मॅडम म्हणाल्या, कणीक मळू द्या, नाहीतर माती. त्याच्या बायकोला, नूतनला, कणीक पटेना. अन्न आहे ते, त्याच्याशी खेळू नये. म्हणून माती.

अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा चार महिने होत आले होते. पाय लवकर मार्गी लागला, जीभही सुटली. डाव्या हाताची मूठ वळत होती, पण मुठीत काय आहे ते हाताला कळत नव्हतं. चमचा की विळा, गार की गरम, काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, जे परत यायचं ते बहुतेक सहा महिन्यांत येतं. नूतनने सहा महिन्यांचाच नेम धरला होता. उठल्यापासून महादेवापुढे दिवा लागून एकशे आठ जप होईपर्यंत मौन, आणि दिवसातून एकदाच जेवण. पहिल्या पहिल्यांदा जपाला बसलं की डोळ्यांना धार लागायची. पुढे ती थांबली. आता मणी सरकायचे, बोट सरकायचं, आणि मन कुठे गेलं आहे हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

बोरी गावातल्या कुंभारांपैकी चाक चालवणारी एकटी ठकूबाई उरली होती. नूतन माती मागायला गेली तेव्हा ती म्हणाली, "माती म्हंजे काय दुकानातलं पीठ हाय व्हय बाय, घेतली अन् मळली?" आठ दिवस तिने नूतनलाच राबवलं. माती भिजत घालायची, चाळायची, राख मिसळायची, पायाने तुडवायची. बारीक खडा राहिला तरी भाजताना मडकं तडकतं. ती सांगेल तसं नूतन करत गेली. मग चाकावरून उतरवलेली जाड, ठेंगणी कच्ची मडकी पाटीत घालून म्हातारी स्वतःच घरी आली आणि गोरखसमोर पडवीत बसली.

"डावा हात आत. त्यात हा गोल दगड. उजव्या हातात फळी. भाईरनं थापटायचं, आतनं दगडाचा टेका द्यायचा. थापटून थापटून भिंत पातळ हुती अन् मडकं फुगतं."

"अन् दगड भलतीकडंच ऱ्हायला तर?"

"तर भोक पडतं, लेका. आत काय दिसत नाय. आतल्या हाताला भाईरचा मार कळला पायजे."

गोरख हसला. "आजी, हितंच तर घोडं पेंड खातंय."

"खाऊ दे की. पेंड सपली की चालंल आपसूक."

पहिली चार मडकी फाटली. चौथ्या दिवशी गोरख न जेवताच भिंतीकडे तोंड करून निजला. पाचवंही फाटलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे नूतन उठून पडवीत आली. ओल्या मातीचा गोळा तिने भोकावर लावला, आत दगड धरला आणि बाहेरून हलक्या हाताने थापटत राहिली. फळीचा प्रत्येक मार तिच्या तळहाताला कळत होता. भोक बुजलं. तिला त्याचं बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. ती अंघोळीला गेली.

"आगं, हे बसलंय की!" उठल्यावर गोरख ओरडला. "काल सांजच्या अंधारात हितं फाटल्यासारखं वाटलं व्हतं. म्हंजे नव्हतं का फाटलं?"

नूतनचं मौन होतं. तिने नुसतं देव्हाऱ्याकडे बोट केलं. नेमात खोटं बोलायची बंदी होती, आणि खोटं ती काही बोलली नव्हती. जप झाल्यावर त्याने पुन्हा विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दुसऱ्या पहाटेही तसंच केलं. मग रोजच.

आठ दिवसांत गोरखचा चेहरा पालटला. आल्यागेल्याला तो मडकी दाखवू लागला. शनिवारी त्याने शेजारच्या भिमाजीला फोन लावला. झटका आल्यापासून गोरखची पिकअप भिमाजीच नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन नेत होता. "सोमवारी सकाळी गाडी दारात लाव, भिमाजी. हात आलाय माझा."

नूतन तांदूळ निवडत होती. निवडलेले तांदूळ तिने पुन्हा पहिल्यापासून निवडले. संध्याकाळी सांगू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी तो गुणगुणत दाढी करत होता. रविवारही तसाच गेला.

सोमवारी ती देवापुढे वात वळत होती तेव्हा पिकअपचा आवाज आला.

"घ्या राव, तुमची लक्ष्मी," भिमाजी म्हणाला. "डिझेल टाकलंय. पण गिअर लई जड झालाय बरं का. तिसऱ्याला तर बुक्कीच मारावी लागती."

"मारू की! डावा हात आता मडकी घडवतोय माझा."

"मग आमालाबी एक माठ द्या. उन्हाळा आलाय."

नूतनने वात ताम्हनात ठेवली. ती बाहेर आली. "थांबा," ती म्हणाली.

तिचा आवाज ऐकून गोरखच दचकला. "वहिनी, तुमचं तर मौन..." भिमाजी म्हणाला.

"अहो, जरा बसा हितं." तिने गोरखसमोर कच्चं मडकं ठेवलं आणि दगड त्याच्या डाव्या मुठीत दिला. "हात आत घाला. डोळे मिटा. मी फळी मारते, कुठं लागली ते सांगा."

"परीक्षा घेतीस व्हय?" तो हसत खाली बसला आणि त्याने डोळे मिटले.

नूतनने फळी मारली.

"पोटाला. उजव्या अंगाला."

तिने पुन्हा मारली.

"आता जरा खाली."

भिमाजी खाली बघू लागला.

"उघडा डोळे."

फळी शेजारच्या दुसऱ्याच मडक्यावर टेकलेली होती. गोरख तिच्याकडे बघत राहिला, मग आपल्या मडक्याकडे. डावा हात अजून आतच होता.

"रोज पहाटं मी भोकं बुजवत व्हते," नूतन म्हणाली. "गाडी चालवू नका."

भिमाजीने किल्ली हातातल्या हातात फिरवली. "क्रेट भरायचेत. निघतो मी," म्हणाला आणि गेला. गाडी रस्त्याला लागेपर्यंत आवाज येत राहिला.

"नेम मोडलास," गोरख म्हणाला.

"व्हय."

"आता?"

"आता दिवा लावते. ऱ्हायलाय."

ती आत गेली. इतक्या दिवसांचं मौन मोडलं म्हणजे छातीत काहीतरी हलेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिने दिवा लावला, एकशे आठ मणी मोजले, माळ गोमुखीत ठेवली.

बाहेर आली तर गोरख थापटत होता. गळ्याखाली मडकं फाटलं होतं आणि भोकातून दगडाचं काळं टोक दिसत होतं. तिने सवयीने मातीचा गोळा उचलला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तू नको हात लावू. कळत नाय, तर कुठं चुकतंय ते दिसू तरी दे."

तो वाकला. भोकाला डोळा लावून त्याने आतला दगड पाहिला, कोपर जरासं उचललं, पुन्हा पाहिलं.

नूतनने गोळा त्याच्या उजव्या हाताला येईल असा ठेवला आणि ती हात धुवायला मोरीकडे गेली. मागे फळीचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, बराच वेळ यायचा नाही, मग पुन्हा यायचा.