भोजराजची काळी एक

श्रावणी सोमवारी शकुनबाईचं मौन असे. दिवेलागणीला महादेवापुढं वात लावली की सुटायचं. नेमकं अशाच एका सोमवारचं तिच्या लेकीला, रुखमिणीला, साकोलीच्या शाळेचं बोलावणं आलं. संगीत शिक्षिकेची जागा एकच. मोहाडीहून मायबाप दोघंही पोरीसंगं एसटीत बसले. गळा मायचा होता, शिकवण बापाची, भोजराजची.

त्याची पेटी जुनी. डावीकडच्या पहिल्या दोन काळ्या पट्ट्या पेटी घेतली तेव्हापासून मुक्या. "जे बोलतच नाही ते मोजाचं कायले?" असं म्हणून तो तिसरीलाच काळी एक म्हणे. अख्ख्या भजनमंडळाची तीच मोजणी झाली. मागं एक कीर्तनकारबुवा आपली पेटी घेऊन आले, तेव्हा त्यांची काळी एक बरीच खालची लागली अन् शकुनबाईच्या कानानं हा फरक ओळखला होता. चारचौघांत नवऱ्याचा पाणउतारा नको, म्हणून तिनं तो गिळला.

शाळेत पेटीवर मुरारी मास्तर होते.

"कोणती पट्टी, बाई?"

"काळी एक," रुखमिणी म्हणाली.

मास्तरांनी सूर धरला अन् शकुनबाईनं कान टवकारले. हा तर बाप्यांचा खालचा सा! पोरीनं बिचकत तोच घेतला. मंद्रात उतरली तशी आवाजाची नुसती फुंकर झाली.

"सर्दी झाली का हो?" मुख्याध्यापिका सत्यभामाबाईंनी घड्याळ पाहिलं.

रुखमिणीनं मायकडं पाहिलं. आपलाच गळा दगा देऊन राहिला, असं तिला वाटत होतं. शकुनबाईनं ओठ आवळले. भोलेनाथा, तुझं मौन राखू का माझी लेक?

"थांबा जी, मास्तर," ती म्हणाली. "तिचा सा तिसऱ्या काळीवर हाये."

मग पोर गायली. खिडकीशी शाळेच्या मुली गोळा झाल्या.

"गळा देवाचा आहे," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पण स्वतःची पट्टी सांगता येत नाही, ती मुलींना काय सांगणार? कोणी शिकवलं हे?"

"मीच चुकली, बाई," रुखमिणी बापाकडं न पाहता म्हणाली.

दाराशी बसलेला भोजराज उठला अन् बसस्टँडच्या वाटेला लागला.

घरी आल्यावर तो पेटीशी बसून त्या दोन मुक्या पट्ट्या दाबत राहिला. शकुनबाईनं वात लावली.

"तुले ठाऊक होतं?"

"बुवा आले तवापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

तिनं महादेवापुढं हात जोडले. आज मोडलेल्या मौनाचं प्रायश्चित्त तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं पाळलेल्या त्या दुसऱ्या मौनाचं कोणत्या पोथीत असेल, ते कळेना.