दिवेलागणीला अडलेला गल्ला

“चीर बारीक ठेव रं धुळा. पैसा आत जावा, बोट जाऊ नये!” पत्रा कापणाऱ्या धुळाला बजाबाई असे सांगत होत्या, तेव्हा माझा जन्म होत होता. मित्रांनो, मी सोलापुरातला एक जुना पत्र्याचा गल्ला आहे. काही वर्षे माझ्या पोटात नाणी खुळखुळली. मग माझी कुणाला आठवणही राहिली नाही. फळीवर गंज खात पडलो.

गेल्या वर्षी बजाबाईंच्या सुनेने, ऋतुजाने, मला पुसून खाली घेतले. ती एमआयडीसीत टॉवेलांचे काठ शिवते. स्वतःचे शिलाई मशीन घ्यायचे, हा तिचा ध्यास. एका संस्थेने बायकांना सांगितले होते, “वर्षभर दर महिन्याला बचत करा. जितकी तुमची, तितकीच आम्ही घालू. पण एक महिना जरी चुकला, तरी आमची भर मिळणार नाही.” संस्थेने मला कुलूप घातले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. दर महिन्याला संस्थेच्या शिवानीताई येऊन मला उघडत आणि पैसे मोजून नेत. “गल्ला मोठा गुणाचा हो!” म्हणत.

शेवटच्या महिन्यात मात्र त्यांना उशीर झाला. त्या दारात आल्या, तेव्हा बजाबाईंनी नुकताच देवापुढे दिवा लावला होता.

“दिवं लागल्यावर घरातली लक्ष्मी भाईर द्यायची न्हाय, ताई.”

“आजी, उद्या सकाळी दहाला वर्षाचा हिशेब बंद होतो हो!”

“उजाडताच मी सोता हापिसात आणून देते. शब्द हाय माझा.”

ऋतुजा कामावरून आली आणि ऐकून मटकन खालीच बसली. “आत्या, घरातली लक्ष्मी राखलीत, अन् दारात आलेलीला परत धाडलंत की! माझी सकाळची पाळी. हे गाडी घेऊन टेंभुर्णीला. आता जाणार कोण?”

देवळापलीकडे बजाबाई कधी एकट्या गेल्या नव्हत्या. हमरस्त्यावरच्या ट्रकांनी त्यांना धडकी भरे. माझाही पत्रा गार पडला. वाटेत कुणी हिसकावले तर? ऑफिसच सापडले नाही तर? पोरीने वर्षभर मारलेले मन त्या एका सकाळवर टांगले होते.

मित्रांनो, पैसा जपा, पण त्याची वेळही जपा. वेळ टळली की जपलेलेही हातचे जाते.

तांबडे फुटले. बजाबाईंनी तुळशीला पाणी घातले. रोजची पोथी आज मिटलेलीच ठेवली. मला पदरात गुंडाळले आणि ऋतुजाला जाग येऊ नये म्हणून कडी हळूच काढली. बोळाच्या तोंडाशी एक ट्रक धडधडत गेला. त्यांनी मला छातीशी घट्ट धरले.

“स्वामी, हात धरा,” असे पुटपुटत त्यांनी रस्त्यावर पाऊल टाकले.